फोटोतला गुडघा

एकदा एक छायाचित्रकार माणसांना कंटाळला.

कामाला नव्हे, बरं का, माणसांना. कामाला कंटाळलेला माणूस चार दिवस गावाला जातो, पाय पसरून झोपतो आणि ताजातवाना होऊन परत येतो. माणसांना कंटाळलेल्यानं जायचं कुठं? जावं तिथं माणसंच! या छायाचित्रकाराचं नाव भार्गव. वय चाळिशीच्या पुढचं. तालुक्याच्या गावी त्याचं नाव होतं, हाताला यश होतं. लग्नसराईत त्याची तारीख मिळावी म्हणून लोक मुहूर्त पुढंमागं करत. आणि हा गृहस्थ मंडपाच्या मागच्या खांबाला पाठ टेकून, हातभर लांबीची झूम लेन्स डोळ्याला लावून दुरून उभा राही. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं की ते याला तिथूनच दिसे. हा खटका दाबी आणि मनात म्हणे, चला, पाठवणी झाली, आता जेवून घ्यावं.

असं वर्षानुवर्षं चाललं, आणि एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला काही आठवतच नाही. एवढी लग्नं पाहिली, एक नवरी आठवत नाही. परकी माणसं जाऊ द्या. स्वतःची लेक पहिल्यांदा सायकलवर तोल सावरून गेली, तेव्हा यानं तिचा फोटो काढला होता. पुढं आठवायला बसला की तो फोटो आठवे, लेक आठवेना. घरी बायको समोर बसून मनातलं काही सांगू लागली, की याचं लक्ष तिच्या गालावर पडलेल्या खिडकीच्या उजेडाकडं. ती विचारायची, "अहो, ऐकताय ना?" हा म्हणायचा, "हो, हो." ऐकत कुठला! रात्री पोटभर झोपला तरी सकाळी अंग आंबलेलंच. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त उत्तम होतं.

शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, पुरे झालं हे. त्याच्या साडूचं फरश्यांचं मोठं दुकान होतं आणि दुकानावर बसायला घरचा माणूस हवा म्हणून साडू कधीचा मागं लागला होता. भार्गवला वाटलं, फरशी बरी. फरशी हसत नाही, रडत नाही, तिला 'जरा इकडे बघा' म्हणावं लागत नाही. कॅमेरे विकायचे आणि सोमवारपासून दुकानात जाऊन बसायचं. पण ज्यांच्याकडं ही विद्या शिकलो त्यांच्या कानावर घातल्याशिवाय जाणं बरं दिसणार नाही, म्हणून तो आपल्या गुरूंकडं गेला.

गुरू म्हणजे गावातले सर्वांत जुने फोटोग्राफर. त्यांना सगळे तात्या म्हणत. स्टुडिओ कधीच बंद झाला होता. पण मागच्या खोलीतली अंधारखोली त्यांनी देवघरासारखी जपली होती. भार्गवनं पाया पडून सगळं सांगितलं. आता तात्या रागावतील, कलेची महती सांगतील, अशी त्याची अपेक्षा होती, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हेही तो रस्त्यात घोकून आला होता.

तात्या म्हणाले, "बरं."

एवढंच! माणूस भांडायची तयारी करून यावा आणि समोरच्यानं पाटावर बसवून पाणी द्यावं, तशी भार्गवची गत झाली.

मग तात्या उठले. गुडघ्यांवर हात देत, भिंतीला धरत कपाटापर्यंत गेले आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेला एक लहानसा कॅमेरा घेऊन आले. रेंजफाइंडर म्हणतात त्या जुन्या जातीचा. त्याच्या तोंडाशी पेढ्याएवढं, बसकं वाइड अँगल, म्हणजे रुंद नजरेचं, भिंग.

"माझं एक काम राहिलंय," तात्या म्हणाले. "दोघी बहिणी आहेत. लहान होत्या तेव्हा त्यांचा फोटो मीच काढला होता, दोन वेण्या घालून, हातात हात धरून. पुढं दोघींचं बिनसलं ते बिनसलंच. आता थोरली मुलाकडं निघालीय, पार तिकडं दूर, कायमची. आज संध्याकाळची गाडी. जायच्या आधी ती धाकटीकडं भेटायला येणार आहे. दोघींचा मिळून एक फोटो हवा असा थोरलीचा निरोप आलाय. या वयात गेलेलं माणूस परत येतंच असं नाही. धाकटीची खोली एवढीशी आहे, तिथं तुझी ती तोफ चालायची नाही. हे भिंग लागेल. आणि हा फोटो गुडघे मोडून खाली बसल्याशिवाय यायचा नाही. माझे गुडघे आता वाकत नाहीत. एवढा एक फोटो तू याच कॅमेऱ्यानं काढून दे, आणि मग खुशाल जा फरश्या विकायला. मी एक अक्षर बोलणार नाही."

गुरूनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. नाही कसं म्हणणार? भार्गवनं कॅमेरा हातात घेतला. केवढा हलका! इतक्या वर्षांच्या ओझ्याला सवयलेला हात क्षणभर फसला.

तात्यांनी त्याला फिल्म भरून दिली आणि भिंगावर काळं झाकण बसवलं. मग भिंगाच्या खालचा छोटा खुंट त्याच्या बोटाला लावून दिला. "याला झूमबिम काही नाही. माणूस जवळ आणायचा तर आपण पायानं जवळ जायचं. हा खुंट डावीकडं म्हणजे लांब, सरळ खाली आला म्हणजे हाताच्या अंतरावर. बोटाला अंतर कळलं की कॅमेरा डोळ्याला लावलाच पाहिजे असंही नाही. आणि एक ध्यानात ठेव. रुंद भिंग सगळ्यांना पोटात घेतं, पण कडेला बसलेल्याला ते ओढूनताणून घेतं. चेहरे मधे ठेवावे."

"माहीत आहे, तात्या," भार्गव म्हणाला. थकलेल्या माणसाला सगळंच माहीत असतं.

दुपारी दोघं धाकटीच्या घरी गेले. एका चिंचोळ्या गल्लीतली ती एक खोली. खाली शहाबादी फरशी, एका अंगाला पलंग, एका अंगाला ओटा, आणि गल्लीच्या टोकापर्यंत दिसेल अशी एक खिडकी. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती, तिची घरघर खोलीत ऐकू येई. थोरली येऊन बसलेलीच होती, पलंगाच्या एका टोकाला, चपला काढून पण पिशवी मांडीवरच ठेवून. धाकटी ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. दोघींच्या मधे होती तेवढी फरशी मोकळी. मूळ भांडण कशावरून, हे आता दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. कुणी म्हणे लग्नातल्या मानापानावरून, कुणी म्हणे आईच्या आजारपणावरून. भांडण म्हातारं होऊन मेलं होतं, अबोला तेवढा मागं उरला होता.

"चहा घेणार का?" धाकटीनं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही, कारण बघत ती तात्यांकडं होती.

"आत्ताच झालाय," थोरली म्हणाली, तीही तात्यांकडं बघून. तात्या बापडे खुर्चीत बसून दोघींना मान डोलवत राहिले.

भार्गव दारात उभा राहिला. खोलीत पाऊल टाकायचाही त्याला कंटाळा आला होता. त्यानं कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. वा! काय लख्ख दिसत होतं! पलंग, ओटा, खिडकी, दोघी बहिणी, दारात उभं राहून सगळी खोली एका चौकटीत येत होती. आत जायचं कारणच उरलं नव्हतं.

"जरा इकडे बघा," तो म्हणाला. ते शब्द त्यानं इतक्या वेळा उच्चारले होते की त्याच्या तोंडात ते गिरणीच्या घरघरीसारखे चालू राहात.

दोघींनी बघितलं. ठेवणीतलं पातळ काढावं तसे ठेवणीतले चेहरे दोघींनी काढले. खट. फिल्म पुढं सरकवली. खट. आणखी एक, आणखी एक. तात्या खुर्चीतून हे सगळं बघत होते. एकदा त्यांचे ओठ हलल्यासारखे झाले, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपली काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि खाली फरशीकडं बघत राहिले.

"झाला?" थोरलीनं विचारलं.

"झाला."

"बरं झालं बाई," धाकटी म्हणाली. मग तात्या काठी टेकत उठले आणि गुरुशिष्य निघाले.

तात्यांची चाल मुंगीची. गल्लीच्या टोकाला, गिरणीपाशी पोचेतो भार्गवच्या मनात सोमवारचं दुकान सुरूही झालं होतं. कॅमेरा पिशवीत टाकण्यापूर्वी झाकण लावावं म्हणून त्यानं खिशात हात घातला. झाकण नव्हतं. दुसरा खिसा पाहिला. तिथंही नव्हतं. मग त्यानं कॅमेऱ्याकडं पाहिलं.

झाकण भिंगावरच होतं.

ज्यांनी हा कॅमेरा हाताळला नाही, त्यांना ही चूक कशी होते ते सांगितलं पाहिजे. नेहमीच्या कॅमेऱ्यात डोळा भिंगातूनच बघतो. झाकण राहिलं तर डोळ्यापुढं अंधार, शेंबडं पोरही झाकण काढील. रेंजफाइंडरची तऱ्हा वेगळी. त्यात डोळ्याची खिडकी बाजूला, आणि फिल्मवर उजेड नेणारं भिंग निराळं. भिंगावर झाकण असलं तरी खिडकीतून जग झळझळीत दिसत राहतं. खटका वाजतो, फिल्म सरकते, हाताला काम केल्याचं समाधानही मिळतं. आत मात्र काळाकुट्ट अंधार.

भार्गवनं गल्लीत मागं वळून पाहिलं. थोरलीची गाडी संध्याकाळची. आयुष्यात दोघी पुन्हा एका खोलीत बसतील की नाही, देव जाणे. गुरूनं मागितलेलं एकुलतं एक काम! त्यानं तात्यांकडं पाहिलं. तात्यांच्या तोंडावर आश्चर्याची एक रेघ नव्हती.

"तात्या, तुम्ही पाहिलं होतंत!"

"पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

 तात्या गिरणीच्या पायरीवर बसले.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा मोठा दुष्ट दिसतो. मलाही प्रथम तसंच वाटलं. स्वतःच्या शिष्याची फजिती, ती एक वेळ चालेल. पण त्या दोघी म्हाताऱ्यांचं काय? तुमचा राग जरा हाताशी ठेवा, मी पुढं सांगतो.

"परत जातो," भार्गव म्हणाला. "सांगतो, फिल्म अडकली म्हणून."

"जे झालं तेच सांग," तात्या म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

भार्गव मागं वळला. आधी चालला, मग धावला. चाळिशीपुढचा, लग्नाच्या जेवणांवर पोसलेला देह तो! दारात पोचला तेव्हा त्याला धड बोलता येईना. थोरली पायांत चपला सरकवत होती. धाकटी खिडकीशी उभी होती.

"माझं चुकलं," भार्गव म्हणाला. "झाकण... भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं. एकही फोटो आला नाही. माफ करा मला. एकदा, फक्त एकदा परत बसाल का?"

थोरलीचा पाय चपलेतच थांबला. मग धाकटी म्हणाली, "ते काळं, गोल, तेच का झाकण?"

"हो."

"अगं बाई! मी पाहिलं होतं की! मला वाटलं, हल्लीचे कॅमेरे असेच असतील. एवढा नावाजलेला फोटोग्राफर, त्याला आपण काय शिकवायचं?"

"तू पाहिलंस?" थोरली एकदम तिच्याकडं वळून म्हणाली. कितीतरी वर्षांत प्रथमच ती सरळ धाकटीशी बोलली, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही. "अगं, मीपण पाहिलं! मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही गप्प!"

"आणि मी तू गप्प म्हणून गप्प!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग धाकटीला हसू फुटलं. ते थोरलीला लागलं. पदर तोंडाला लावून दोघी अशा हसल्या की उभं राहवेना. थोरली धाकटीच्या खांद्याला धरून, तिलाही ओढत मटकन पलंगावर बसली, मधोमध, आणि पलंग कुरकुरू लागला. "आणि आपण काय तोंडं करून बसलो होतो गं वेणू! झाकणापुढं!"

"याला बघ कशी धाप लागलीय," धाकटी म्हणाली. "ए, बस बाबा खाली. आधी पाणी पी."

भार्गव होता तिथंच, पलंगापुढं फरशीवर बसला. खोलीत जागा तरी कुठं होती? त्याचे गुडघे पलंगाला लागले. धाकटीनं त्याला तांब्याभांडं दिलं. त्यानं भिंगावरचं झाकण काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. "हे तुम्हीच धरून ठेवा. माझा भरवसा नाही."

"बरं केलंस परत आलास ते," धाकटी झाकण मुठीत धरत म्हणाली. तिचं हसू ओसरत आलं होतं. "मी खिडकीतून बघत होते. गिरणीपाशी थांबलास, हातातलं पाहिलंस. मला वाटलं, हाही आता तिथनंच जातोय की काय. पण तू वळलास. गिरणीपाशी येऊन परत गेलेलं माणूस मी पाहिलंय."

थोरली हसायची थांबली.

"कोण गं?"

"तू, अक्का."

गिरणी घरघरत होती. भार्गवच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

"हे गेले तेव्हा," धाकटी म्हणाली. "तेराव्याला. तू आली होतीस. हातात पिशवी होती. मी इथनंच पाहिलं तुला. दारात बायकांची ही गर्दी. मी म्हटलं त्यांना, सरका गं जरा, वाट द्या, माझी अक्का येतीय. आणि परत बघते तर तू वळली होतीस."

थोरलीचा चेहरा भरलेलं मडकं तडकावं तसा तडकला. "तू पाहिलंस मला? मग हाक का नाही मारलीस? मला वाटलं, सगळ्यांच्या देखत तू तोंड फिरवशील. उभी राहिले गिरणीपाशी. दळण घेऊन येणाऱ्या बायका विचारायला लागल्या, कुणाकडं जायचंय म्हणून. मला सांगता येईना. एक हाक मारली असतीस तर..."

"मला वाटलं, तू येशीलच."

"आणि मला वाटलं, तू बोलावशील."

थोरलीनं हात पुढं केला. धाकटीनं तो धरला, झाकण होतं त्याच मुठीनं. भार्गव वीतभर अंतरावर होता. उठून जायला वाट नव्हती, तोंड फिरवायला जागा नव्हती, मागं टेकायला खांब नव्हता. दोन म्हाताऱ्या बायका त्याच्यापुढं लहान मुलींसारख्या रडत होत्या आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्यालाही दिसेनासं झालंय.

"अरे," थोरली पदरानं नाक पुसत म्हणाली, "फोटो काढायला आला होतास ना? मग काढ की! का आता आणखी काही काढायचं राहिलंय?"

तिघंही हसले. भार्गवनं कॅमेरा डोळ्याला लावला नाही. तो छातीशीच होता. बोटानं खुंट सरळ खाली आणला आणि त्या दोघींकडं उघड्या डोळ्यांनी बघत खटका दाबला. इकडे बघा, असं म्हणायला तो विसरला.

बाहेर आला तेव्हा तात्या गिरणीच्या पायरीवर तसेच बसले होते. त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर पीठ बसलं होतं, ते त्यांनी झटकलंही नव्हतं. भार्गवनं होकाराची मान हलवली. तात्यांनी मोठा श्वास सोडला.

"चल, मला उठव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारखोलीत दोघांनी मिळून फिल्म धुतली. पहिल्या चौकटी स्वच्छ कोऱ्या निघाल्या. त्यांच्यानंतर एकच भरलेली. तिच्यावरून उजेड पाडलेला कागद द्रवात सोडला, आणि लाल उजेडात हळूहळू आधी खिडकी आली, मग पांढरे केस, मग दोन चेहरे, एकमेकांना लागून, बरोबर मधे. धाकटीच्या मुठीतून झाकणाची काळी कड डोकावत होती. आणि खालच्या कोपऱ्यात, कडेला ओढलं जाऊन भलंमोठं झालेलं, काहीतरी गोल वर आलं.

तात्यांनी चष्मा वर केला. "हे काय रे?"

"गुडघा, तात्या. माझा."

तात्यांनी चिमट्यानं कागद उचलून उजेडाशी धरला.

भार्गव म्हणाला, "आता सांगा. त्या दोघी एकमेकींची वाट बघत गप्प बसल्या आणि एवढी वर्षं वाया गेली. तुम्हीही पाहून गप्प बसलात. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

"फरक असलाच तर एवढाच, की मला गप्प बसण्याची भीती वाटत होती," तात्या म्हणाले. "तू परत गेला नसतास, किंवा खोटं बोलून मोकळा झाला असतास, तर त्या दोघींचा फोटो माझ्यामुळं बुडाला असता. ते पाप घेऊन मी पायरीवर बसलो होतो. पण भार्गवा, मी टोकलं असतं तर काय झालं असतं? तू झाकण काढलं असतंस आणि दारातूनच तोच फोटो घेतला असतास. दोन कडांना दोन ताणलेले चेहरे आणि मधे ही एवढी मोठी फरशी! दुकानाची तयारी म्हणून फोटो चांगला होता." भार्गवला हसू आलं. तात्या मात्र हसले नाहीत. "झाकण माझंही राहिलंय, या कॅमेऱ्यानं ते प्रत्येकाचं एकदा राहतं. ती चूक क्षुल्लक. पण तू म्हणालास, माणसांना कंटाळलो. अरे, माणसं तुझ्यापर्यंत पोचली कुठं कंटाळायला? डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं, हात चालत होता, म्हणून तुला वाटलं की आपण बघतोय. आत उजेडाचा कण उतरत नव्हता. काम करून दमलेला माणूस झोपला की उठून बसतो. झाकण लावून दमलेल्याला झोप पुरत नाही, कारण दिवसभर राबून त्याच्या पदरात काही पडलेलं नसतं. आणि आपलं झाकण आपल्याला खिडकीतून दिसत नाही. ते समोरच्याला दिसतं. समोरच्यापुढं जाऊन 'माझं चुकलं, परत बसा' म्हणावं लागतं. तेवढं तू केलंस. मी नाही केलं काही."

 नळाखाली फोटो धुतला जात होता, पाण्याचा आवाज येत होता.

तात्यांनी कात्री हातात घेतली. "हा कोपरा कापू का? गुडघ्याला कोण विचारतो?"

"राहू द्या, तात्या," भार्गव म्हणाला. "इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच फोटोत आलोय."

तात्यांनी कात्री खाली ठेवली. फरश्यांच्या दुकानाचा विषय त्यांनी काढला नाही. शब्द दिला होता ना, एक अक्षर बोलणार नाही म्हणून. भार्गवनंच निघताना सांगितलं, "साडूला दुसरा माणूस बघायला सांगतो."

भार्गवचा थकवा गेला का, असं तुम्ही विचाराल. नाही गेला. इतक्या वर्षांचा शीण एका फोटोनं जात असता तर औषधांची दुकानं कशाला चालली असती? त्या दिवशी घरी जाताना त्याचे पाय भरून आले होते, डोळे चुरचुरत होते. जेवणं झाल्यावर बायको ओट्यापाशी खाली बसून भांडी आवरता आवरता काहीतरी सांगत होती. लेकीच्या शाळेतलं होतं, की तिच्या माहेरचं होतं, यानं ऐकलं नव्हतं. सवयीनं त्याची नजर खिडकीच्या उजेडाकडं गेली होती.

"अहो, ऐकताय ना?" तिनं नेहमीसारखं विचारलं, उत्तराची वाट न बघता.

भार्गव उठला. ओट्यापाशी तिच्याजवळ जाऊन फरशीवर बसला, गुडघ्याला गुडघा लावून.

"नाही ऐकलं," तो म्हणाला. "माझं चुकलं. पहिल्यापासून परत सांग."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं, त्याच्याकडं नीट पाहिलं, आणि पहिल्यापासून सांगू लागली.

आपल्याही आयुष्यात काढलेल्या फोटोंतून एकदा नजर फिरवून बघावी. निदान एखाद्याच्या कोपऱ्यात तरी आपला गुडघा आला पाहिजे.